हौसाबाईची पालकसभा

आमच्या शाळेत चार वर्ग, चार शिक्षिका, नऊ पंखे, आठ समिती सदस्य आणि एक शिपाई होती. यांतली रोज वेळेवर येणारी शिपाईच. पंखेही रोज असत, पण ते फिरणार की नाही हे कोण आलंय त्यावर ठरायचं. त्याबद्दल पुढे सांगते.

शिपाई म्हणजे हौसा, टेमघरची. सकाळी साडेसहाला चालत यायची, कुलूप काढायची, झाडलोट करून माठ भरायची आणि मग पोरं गोळा करायला बाहेर पडायची. हे शेवटचं तिच्या कामांच्या यादीत नव्हतं. यादी समितीची चिटणीस म्हणून मीच केली होती, म्हणून ठाऊक. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा माझं अक्षर चांगलं असणार असं धरून १९८४ साली मला चिटणीस केलं. अक्षर चांगलं आहे खरं. बाकी चिटणीसाला दुसरं काही लागत नाही, हे मला लवकरच कळलं.

शाळेच्या मागच्या गल्लीपासून यंत्रमागांचे गाळे सुरू होत. तिथं काम करणारी माणसं तेलंगणातून, सोलापूरकडून, कोकणातून आलेली. एका खोलीत आठ-दहा जण, पाळीपाळीने झोपणारे. रात्रपाळीचा बाप सकाळी आडवा झाला की पोराला उठवणारं कोणी नसे. हौसा दारातून आत शिरायची, झोपलेल्यांच्या पायांवरून उडी मारल्यासारखी पलीकडे जायची आणि नेमकं आपल्याला हवं ते पोर उचलायची. एखादं पोर गाळ्यात सुताच्या कांड्या भरायला बसलेलं सापडलं, तर ती मुकादमाला सांगायची, "आता दे. संध्याकाळी परत देते." शेजारणीकडून परात मागावी तसं. आणि संध्याकाळी खरंच परत नेऊन सोडायची, म्हणून मुकादम दुसऱ्या दिवशीही देत.

कोणाचा बाप कुठल्या गाळ्यात, कोणत्या पाळीला, कोणाची आई कोणाकडे भांडी घासते, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. आमच्याकडे पालकांची नोंदवही होती. तिच्यात सगळ्यांचा व्यवसाय 'नोकरी' आणि पत्ता 'भिवंडी' असा होता.

आमचे अध्यक्ष प्रभाकरपंत नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना 'लोकसहभाग' हा शब्द फार प्रिय. तो कुठल्याशा परिपत्रकात त्यांना भेटला आणि पुढे घरचा झाला. लोकसहभागासाठी दरवर्षी एक पालकसभा घ्यायची, असं १९८५ साली ठरलं. वार कोणता, यावर चर्चा झाली नाही. रविवार. रविवारी सगळ्यांना सुट्टी असते.

आता भिवंडीत राहणाऱ्या कोणालाही विचारा. माग शुक्रवारी बंद असतात. रविवारी ते सोमवारसारखेच खडखडत असतात. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. शुक्रवारी दुपारी गावात जी शांतता पसरते तिची आम्ही आठवडाभर वाट बघत असू. प्रभाकरपंत शुक्रवारी दीड ते साडेचार झोपत, आणि तेवढ्या वेळात त्यांच्याकडे कोणी जात नसे. पण ती शांतता म्हणजे माणसांची सुट्टी आहे, आणि ती माणसं म्हणजे आमचे पालक आहेत, एवढा लांबचा हिशेब आम्हा आठ जणांपैकी कोणी केला नाही.

पहिल्या सभेला पाच पालक आले. दुसऱ्या वर्षी तीन. मी इतिवृत्तात लिहिलं, 'पालकवर्ग उदासीन.' तिसऱ्या वर्षी उपाय म्हणून छापील निमंत्रणं काढली. त्यात 'आपल्या पाल्याच्या सर्वांगीण विकासाचे शिवधनुष्य' असे शब्द होते. चार पालक आले, त्यांतल्या एकाने विचारलं की धनुष्य घरून आणायचं की शाळा देणार. चौथ्या वर्षी 'पालकांचे औदासीन्य : कारणे व उपाय' या विषयावर प्रभाकरपंतांचं व्याख्यान ठेवलं. जे सहा पालक आले होते त्यांना सव्वा तास, न येण्याबद्दल बोलणी खावी लागली. पाचव्या वर्षी त्यांतले तीनच आले.

या सभांमध्ये हौसा चहा देत असे. समितीच्या बैठकीतही ती चहाच देत असे. शिपायाने बैठकीत बोलायचं नसतं, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो इतका पक्का होता. माझ्या १९८५च्या डायरीत ११ ऑगस्टच्या पानावर मात्र असं आहे : 'बैठक ५ वा. हौसा कप ठेवताना म्हणाली, सभा शुक्करवारी घ्या ना. पंत म्हणाले, साखर कमी आहे.' मी ते डायरीत लिहिलं. इतिवृत्तात लिहिलं नाही.

आता पंख्यांविषयी. केसरीनाथ शेठ काल्हेरचे, समितीतले एकमेव धनवान. शेतजमिनीवर गोदामं झाली, आमच्या शाळेमागे मागांचे पाच गाळेही त्यांचेच, भाड्याने दिलेले. माणूस मनाने चांगला. वडील वारले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ त्यांनी शाळेला नऊ पंखे दिले आणि प्रत्येक पात्यावर लाल रंगात नाव घातलं. एका पात्यावर 'कै. तुळशीराम', दुसऱ्यावर 'यांचे', तिसऱ्यावर 'स्मरणार्थ'. उद्घाटनाला बटण दाबलं आणि वडील दिसेनासे झाले. शेठचा चेहरा इतका उतरला की प्रभाकरपंतांनी लगेच पंखे बंद करायला लावले. तेव्हापासून शेठ शाळेत असेपर्यंत पंखे बंद, हा शिरस्ता पडला. शेठ नात्याने हौसाचे भाचे लागायचे, म्हणजे गावकीतलं नातं. चारचौघांत ती त्यांना 'शेठ' म्हणायची. एकटे सापडले की, "काय रे केसरी, बापाला टांगून ठेवलंस ते ठेवलंस, वारा तरी घेऊ दे त्याला."

हे सगळं असंच चाललं असतं. पण १९९२च्या जानेवारीत शिक्षण खात्याचं पत्र आलं. तिसरीतून चौथीत जाणाऱ्या मुलांची संख्या घटत होती. पालकांनाच शाळा नको असेल तर चौथीचा वर्ग कशाला चालवायचा, असा त्या पत्राचा सूर होता. विस्तार अधिकारी पालकसभेला स्वतः हजर राहणार. एकशे सोळा मुलांमागे निदान साठ पालक दिसले नाहीत तर चौथी बंद. आणि तळाशी एक ओळ : तीन वर्गांच्या शाळेस शिपाई पद अनुज्ञेय नाही.

मुख्याध्यापिका माधवीबाईंनी ती ओळ हौसाला वाचून दाखवली. हौसाने दोनदा वाचायला लावली.

"म्हंजे वर्ग गेला की मी गेली?"

"तसंच दिसतंय गं."

"आट वर्सं झाली मला."

"हो."

 हौसाच्या नवऱ्याला, चिंधूला, दमा होता. खाडीत जाळं टाकणं त्याने केव्हाच सोडलं होतं. "हितनं काढलं तर मला कांड्या भराया बसाया लागंल," ती म्हणाली. "सेहेचाळीस वर्सांची बाई. ज्या पोरांना मी थितनं उठवून आणते, त्यांच्याच मांडीला मांडी लावून." मग घंटेची वेळ झाली म्हणून गेली.

समितीची तातडीची बैठक बसली. सभेचा दिवस आपणच सुचवायचा होता. हौसा चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच म्हणाली, "पंत, शुक्करवार सांगा सायबांना. मी समदे आणते. साठ काय, शंभर आणते."

प्रभाकरपंतांनी तिच्याकडे पाहिलं. बैठकीत चहा बोलला असता तर ते याहून कमी दचकले असते.

"हौसाबाई, अधिकाऱ्यांना कामाच्या दिवशी त्रास देणं बरं दिसत नाही. रविवारी मोकळं वातावरण असतं."

"पन रईवारी मान्सं कामावर—"

"आणि शुक्रवारी दुपारी," पंत म्हणाले, "मला स्वतःला जमणार नाही."

मी हे इतिवृत्तात असं लिहिलं : 'सर्वानुमते रविवार, १५ मार्च.' सर्वानुमते हा शब्द मी पुष्कळ वापरलाय. ट्रे घेऊन उभी असलेली बाई त्या 'सर्व'मध्ये येते की नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. घरी आल्यावर पडला, पण तोवर शाई वाळली होती.

पंधरा मार्चला ऐंशी खुर्च्या मांडल्या. विस्तार अधिकारी कल्याणहून दहाला आले. बारीक अंगाचे गृहस्थ, रविवार गेल्याचं दुःख चेहऱ्यावर स्पष्ट. समोर पालक चार : एक पोस्टमन, एक शिंपी, आणि दोन आया, त्यांतली एक पोस्टमनचीच बायको. पहिल्या रांगेत केसरीनाथ शेठ, त्यामुळे नऊही पंखे बंद. साहेबांनी वर पाहिलं, तुळशीरामांना वाचलं, आणि रुमालाने मान पुसली.

साडेदहा झाले. सहावा पालक काही येईना, कारण पाचवाच आला नव्हता. प्रभाकरपंतांनी भाषण काढलं. अकरा पानं होती. "आज जे पालक उपस्थित नाहीत," त्यांनी सुरुवात केली, "त्यांना मी स्पष्टच सांगू इच्छितो..."

माधवीबाई खाली बघत होत्या. साहेबांनी पेन काढून कागदावर एक आकडा लिहिला. तो काय असेल हे मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या हौसालाही कळलं. तिने हातातला ट्रे खिडकीत ठेवला. आठ वर्षांत तिने भरलेले कप न वाटता ट्रे ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. सरळ ती साहेबांच्या खुर्चीपाशी आली.

"सायेब, पालक बघायचेत ना?"

"हौसाबाई!" पंत म्हणाले.

"हितंच हायत. मागल्या गल्लीत. समदे हजर. चला, दावते."

साहेबांनी एकदा पंतांच्या हातातली उरलेली दहा पानं पाहिली, एकदा पंखा पाहिला, आणि उठले. "चला," ते म्हणाले. मला वाटतं त्यांना फक्त वारा हवा होता.

पुढे हौसा, बगलेत हजेरीची वही आणि शाईचा पॅड. मागे साहेब. त्यांच्या मागे समिती ज्येष्ठतेच्या क्रमाने, आणि शेवटी पोस्टमन, शिंपी व दोन्ही आया, कारण सभा चालली होती तर त्यांना मागे राहणं बरं वाटेना. गल्लीच्या तोंडाशी केसरीनाथ शेठनी हौसाला गाठलं आणि हळूच म्हणाले, "आत्या, भाडेकरू आहेत माझे. लूम बंद करायला सांगू नकोस हां."

"कोन बंद करतंय? तुझा बाप फिरत न्हाय म्हनून काय समदंच बंद ठेवायचं?"

पहिल्या गाळ्यात शिरलो आणि आवाज अंगावर आला. मी या गावात चाळीस वर्षं राहिलेली, पण गाळ्याच्या आत कधी गेले नव्हते. चोवीस माग एकदम. शेजारच्याचं बोलणं तर सोडाच, स्वतःचं खोकणं ऐकू येत नव्हतं. कापसाची बारीक धूळ हवेत तरंगत होती, ती माझ्या चष्म्यावर बसली.

तिथली माणसं हातांनी बोलत होती, आणि हौसाला ती भाषा येत होती. कमरेशी हात धरून तिने उंची दाखवली, मग दोन बोटांनी दोन वेण्या. पलीकडच्या मागावरच्या माणसाने मान हलवली, हात पुसले, धावत आला, वहीत सही केली आणि मागातला धोटा अडकायच्या आत परत पोचला. हौसाने पुढच्याला दात पडल्याची खूण केली. तिसऱ्याला लंगडी. कुठल्या खुणेने कोणाचं पोर, हे तिचं ती जाणे, पण एकही चुकलं नाही. कोणी सही केली, कोणी अंगठा दिला. साहेब आधी नुसते उभे होते, मग शाईचा पॅड त्यांनीच हातात धरला.

प्रभाकरपंत मात्र सभा अशी बिनभाषणाची सोडायला तयार नव्हते. ते सुताच्या एका पेटीवर चढले आणि पान दोनपासून पुढे वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते, तर्जनी वर जात होती, एकदा त्यांनी छातीवर हातही ठेवला. ऐकू कोणालाच काही येत नव्हतं. विणकरांनी मागांवर नजर ठेवून अधूनमधून त्यांच्याकडे आदराने पाहिलं. त्यांचं तोंड मिटलं तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, त्याही ऐकू आल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचं इतकं चांगलं स्वागत झालेलं भाषण दुसरं नाही.

चौथ्या गाळ्यात नरसय्या नावाचा विणकर सही केल्यावर मागाकडे परतला नाही. त्याची मुलगी तिसरीत होती. तो साहेबांच्या कानाला तोंड लावून ओरडला, "साब, मेरी लडकी चौथी में जायेगी ना?"

 साहेबांनी उलट ओरडून विचारलं, "मीटिंग में क्यों नहीं आते?"

"आज तो काम है, साब! शुक्रवार को छुट्टी रहता. शुक्रवार को किसी ने बुलायाच नहीं!"

पाच गाळे झाले. एकाहत्तर सह्या-अंगठे. बाहेर गल्लीत आलो तर इतका वेळ कानात घुमत राहिलं की सगळे जरा मोठ्यानेच बोलत होते.

"अध्यक्ष, शुक्रवारी का नाही घेत सभा?" साहेबांनी विचारलं.

"तो प्रस्ताव," पंत म्हणाले, "समितीच्या विचाराधीन आहे."

"कधीपासून?"

पंतांनी माझ्याकडे पाहिलं. चिटणीसाला तारखा ठाऊक असतात. अकरा ऑगस्ट एकोणीसशे पंच्याऐंशी, असं मला सांगता आलं असतं. मी चष्मा पुसत राहिले. हौसा माझ्याकडे बघत होती. तिलाही तारीख आठवत असावी.

साहेबांनी वही घेतली, सह्या पुन्हा मोजल्या. हौसाने धीर करून विचारलं, "मंग सायेब, ऱ्हायला ना वर्ग?"

"वर कळवतो," ते म्हणाले. "ते काय ठरवतील ते."

नंतरचे दिवस हौसाचे वाट बघण्यात गेले. पोस्टमन फाटकाशी दिसला की ती हातातला झाडू टाकायची. "लग्नाची पत्रिका हाय, सरकारी न्हाय," तो सांगायचा. एप्रिल गेला. मे महिन्यात शाळा बंद, तरी ती रोज येऊन दार उघडायची, कारण टपाल बंद दाराखालून आत सरकवलं तर कुत्री नेतात असं तिचं म्हणणं.

समितीचं तसं नव्हतं. आमचं सगळं एप्रिलच्या बैठकीतच यशस्वी झालं होतं. पंतांनी अहवाल वाचला : 'समितीने प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन पालकसंपर्काचा अभिनव उपक्रम राबविला.' त्यात हौसाचं नाव नव्हतं. पण सुताच्या पेटीचा उल्लेख होता. मग त्यांनी स्वतःच सूचना मांडली की यापुढे सभा शुक्रवारी घेण्याचा विचार व्हावा, स्थानिक परिस्थितीचा सखोल अभ्यास केल्यावर आपण या निष्कर्षाला आलो आहोत. हौसा कप ठेवत होती.

"लई चांगलं सुचलं, पंत," ती म्हणाली. "साखर बराबर हाय का?"

या वेळी मी इतिवृत्तात लिहिलं : 'शुक्रवारची सूचना मूळ हौसाबाई, शिपाई, यांची, १९८५.' पुढच्या बैठकीत ते वाचताना पंत त्या ओळीपाशी थांबले, चष्मा वर केला, खाली केला, आणि सही केली. खोडायला लावलं असतं तर मी खोडलं नसतं, एवढं मी रात्रभर ठरवून आले होते. ती वेळ आली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी चार वाजता पालकसभा झाली. चौऱ्याण्णव पालक. वर्ग भरून अंगणातही पाय ठेवायला जागा नाही. समितीच्या आठांपैकी तिघं : मी, आत्याच्या धाकाने केसरीनाथ शेठ, आणि एक डॉक्टर, ते अर्ध्यातून गेले. बाकीच्यांना शुक्रवार गैरसोयीचा होता. पंत साडेचारनंतर येतो म्हणाले होते. मला इतिवृत्तात 'उदासीन' हा शब्द पुन्हा लागला, फक्त या वेळी त्याच्याआधी 'सदस्य' आलं.

पालकांनी 'सर्वांगीण विकास' काढलाच नाही. माठ दोनच का, पावसात तिसरीच्या वर्गात पाणी येतं ते कोण बघणार, पोरींच्या संडासाला कडी कधी लागणार, असं विचारलं. एवढ्यात नरसय्या उठून म्हणाला, "और पंखा? इतना पंखा है, बंद क्यों रहता?"

सगळे वर बघू लागले. केसरीनाथ शेठ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले.

"केसरी," हौसा सगळ्यांच्या समोर म्हणाली, "तुझ्या बापाचं नाव हितल्या पोरांना पाठ हाय. पैलीतली पोरं तेच वाचाया शिकतात. आता फिरू दे."

आणि तिने एकामागून एक नऊ बटणं दाबली. शेठ वर बघत बसले. थोड्या वेळाने त्यांनीच शर्टाचं वरचं बटण सोडलं.

ऑगस्टच्या सतरा तारखेला पत्र आलं. पोस्टमन फाटकातूनच ओरडला, "हौसाबाई, सरकारी हाय!" तिने ते हातात घेतलं, पण फोडलं नाही. माधवीबाई वर्गावर होत्या, म्हणून माझ्याकडे आणलं. मी फोडून वाचू लागले. पहिल्या पानावर संदर्भच संदर्भ होते.

"माई, ते नगं. माझं काय लिवलंय ते सांगा."

मी पान उलटलं. इयत्ता पहिली ते चौथी, चालू. शिक्षक, मंजूर पदे : चार. शिपाई, मंजूर पदे : एक.

"कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. तिने वाकून त्या आकड्याकडे पाहिलं. आकडे तिला येत होते.

"नाव न्हाय माझं."

"नाव नसतं त्यात. पद असतं."

"एक म्हंजे मीच ना?"

"दुसरं कोण असणार गं?"

"तसं न्हाय. तुमच्या समितीचा काय भरवसा. येकमतानं ठरवाल, एक म्हंजे पंखा." तिने पदराने तोंड पुसलं आणि तसाच थोडा वेळ तोंडावर धरला. मी पत्राची घडी घालत बसले, ती पुन्हा पुन्हा चुकत होती.

मग ती उठली. "जाते. नरसय्याची पोरगी आज आली न्हाय. चौथीत हाय आता ती."